झाड कोणते?

साहित्यप्रकारांची चर्चा करताना आपण कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि चरित्र यांची नावे घेतो. परंतु आज आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत जे गद्य सर्वाधिक वाचले जाते, त्याचे नाव वाङ्मयेतिहासात सहसा आढळत नाही. सकाळच्या प्रार्थनेआधी ते वाचले जाते, मिस्साला जाताना रिक्षात वाचले जाते आणि रात्री दिवा मालवल्यावर उशाशी उजळणाऱ्या पडद्यावरही तेच वाचले जाते. मोबाइलवर एकाकडून दुसऱ्याकडे सरकवलेला मजकूर, ज्याला आपण सारेच ‘फॉरवर्ड’ म्हणतो, तो हा प्रकार होय. एवढा मोठा वाचकवर्ग लाभलेल्या लेखनाकडे समीक्षेने पाठ फिरवावी हे योग्य नव्हे. म्हणून कथा-कवितेला आपण जे प्रश्न विचारतो तेच या मजकुराला विचारून पाहावेत, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्याचे रूप पाहू. या गद्याला लेखक नसतो. कोणाचे नाव असलेच तर ते उसने असते. एखादे मोठे रुग्णालय, एखादा जिल्हाधिकारी, एखादा शास्त्रज्ञ वा एखादे संत यांचे नाव त्याला चिकटवलेले असते आणि त्या व्यक्तीला त्याचा पत्ताही नसतो. त्याला दिनांक नसतो. ‘आज’, ‘काल रात्री’, ‘नुकतेच’ हे त्याचे कालवाचक शब्द. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा मजकूरही नित्य ताजा राहतो. त्याला स्थळ नसते. असले तर ‘आपल्या भागात’ एवढेच, आणि वाचणारा प्रत्येक जण तो भाग आपलाच समजतो. त्याची सुरुवात भयाने किंवा संतापाने होते आणि शेवट आज्ञेने होतो: पुढे पाठवा. वाचकाला विचार करण्यास न सांगता केवळ वाहून नेण्यास सांगणारा असा दुसरा साहित्यप्रकार माझ्या माहितीत नाही.

निरोप पोहोचवण्याचे काम आपल्या समाजाला नवे नाही. १९०३ साली जेझुइट धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी मराठी कॅथलिकांसाठी मासिक काढले, त्याचे नावच ‘निरोप्या’. त्या नावात एक जुनी ग्रामव्यवस्था दडलेली आहे. खेड्यात निरोप्या दारी आला की त्याचे पहिले वाक्य ‘मला अमक्याने पाठवले आहे’ हे असे. निरोप नंतर, पाठवणारा आधी. निरोप खोटा निघाला तर कोणाला जाब विचारायचा हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे, आणि तो जाब आपल्यालाही द्यावा लागेल हे निरोप्यास ठाऊक असे. छापील मासिकाने हीच जबाबदारी संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांच्या नावांनी उचलली. फॉरवर्डमध्ये निरोप तेवढा उरला. पाठवणारा आणि निरोप्या दोघेही नाहीसे झाले. आपण स्वतः निरोप्या आहोत, याचीच आपल्याला जाणीव राहिलेली नाही.

या अभावाची किंमत आपल्याच धर्मप्रांताच्या भूमीवर मोजली गेली आहे. धुळे जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो. त्या जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी रविवार होता आणि गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे एस. टी.तून तेथे उतरली. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी फिरत आलेली ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच मार्गाने पोट भरत होती. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे मजकूर आणि चित्रफिती त्या आधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होत्या. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलत असल्याचे कोणी तरी पाहिले, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच ठेचून मारले. पाचही जण गेले.

ही घटना ‘अडाण्यांचा अविचार’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्या गावाने जो मजकूर वाचला तो सुशिक्षितांच्या हातांतून गेलेला होता. त्या सुमारास देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीचा उगम पुढे शोधला गेला. ती पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करण्यासाठी बनवलेली फीत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेतात आणि शेवटी त्याला परत आणून सोडतात व मुलांवर लक्ष ठेवा असे सांगतात, असे तिचे मूळ रूप. कोणी तरी तिचा शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली कृती त्या एका कापणीने माणसे मारण्याचे साधन बनली. समीक्षकाला यातून मोठा धडा मिळतो. संहितेचा शेवट कापला की अर्थ केवळ अपुरा राहत नाही, तो उलटा होऊ शकतो.

त्याच रविवारी रात्री आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावात काय घडले, तेही सांगितले पाहिजे. परभणीकडून आलेले एक गरीब कुटुंब तेथे मोठ्या जमावाच्या तावडीत सापडले. त्यांच्याबरोबर दोन वर्षांचे मूल होते. हे मूल पळवलेले आहे, असा जमावाचा समज झाला होता. परंतु तेथील काही रहिवाशांनी त्या कुटुंबाला घरात आसरा दिला, पोलीस आले आणि पाचही जण जिवंत सुटले. मालेगावचे नाव निघाले की ज्यांच्या मनात केवळ दंगली आणि स्फोट येतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मोबाइल तेथेही होते, अफवाही तीच होती, संतापही तेवढाच होता. फरक एवढाच की तेथे जमाव आणि ती माणसे यांच्यामध्ये उभे राहणारे कोणी तरी निघाले.

मध्ये उभे राहणे याचा अर्थ काय, हे पवित्र शास्त्राने एका कथेत दाखवले आहे. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेची कथा येते. आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या बायबलमध्ये हा भाग सहसा नसतो. कॅथलिक बायबलमध्ये तो आहे, म्हणून त्याचे ऋण आपल्यावर अधिक आहे. दोन वृद्ध न्यायाधीश सुसान्नेवर व्यभिचाराचा आळ घेतात. ते प्रतिष्ठित आहेत, त्यांचे म्हणणे एकमेकांशी जुळते, आणि लोकसमुदाय लगेच विश्वास ठेवून तिला मरणदंड ठोठावतो. तेव्हा दानिएल हा तरुण समुदायाला थांबवतो. सुसान्ना सद्‌गुणी आहे असे व्याख्यान तो देत नाही. तो त्या दोघांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारतो: हे तू पाहिलेस ते कोणत्या झाडाखाली? एक जण एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. खोटी साक्ष तेथेच कोसळते आणि निरपराध स्त्री वाचते.

या प्रश्नाचे सामर्थ्य त्याच्या लहानपणात आहे. खोट्याला मोठे शब्द आवडतात: धर्म संकटात, देश धोक्यात, मुले असुरक्षित. सत्याला स्थळ, काळ आणि झाड लागते. उत्पत्तीच्या ग्रंथातील सर्पाची युक्तीदेखील झाडाविषयीच होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. देवाने एका झाडाचे फळ वर्ज्य केले होते. बागेतील सगळ्याच झाडांविषयी मनाई आहे की काय, असा प्रश्न सर्पाने केला. एकाचे सर्व झाले आणि मन गढूळ झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संज्ञापन दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचे मूळ याच सर्पापर्यंत नेऊन पोहोचवले होते. तो संदेश त्या वर्षीच्या २४ जानेवारीला, पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या सणादिवशी प्रसिद्ध झाला. राईनपाडा त्यानंतर सव्वापाच महिन्यांनी घडले.

कोणी म्हणेल, अफवा काय आजच्या आहेत? खरे आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा सामान्य माणसाच्या हाती मोबाइल नव्हता. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेला ठिणगीची उपमा देतो, तोही दोन हजार वर्षांपूर्वीचा. तथापि यंत्राने दोन गोष्टी बदलल्या आहेत. पूर्वी अफवा सांगताना ऐकणाऱ्याचा चेहरा समोर असे. त्याची भुवई उंचावली की सांगणारा अडखळे. आता चेहरा नाही. शिवाय पूर्वी सांगणाऱ्याला स्वतःचे शब्द जुळवावे लागत, आणि त्या श्रमात थोडा विचार आपोआप होई. आता शब्दही आयते मिळतात. अंगठा तेवढा लागतो. २०१६ सालापासून मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि हा अंगठा वाड्या-पाड्यांपर्यंत पोहोचला.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हे उमगले. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे ठरवले. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम आला. त्यानंतर अशा मजकुरांचे फिरणे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. हा आकडा आपल्याविषयी काही सांगतो. थोडा जास्त त्रास पडताच आपण थांबलो. म्हणजे ते सारे पाठवण्यामागे फार मोठी श्रद्धा किंवा कळकळ नव्हती. बरेचसे केवळ सोपे होते म्हणून घडत होते. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही जमावाच्या हिंसेविरुद्ध केंद्राला आणि राज्यांना सविस्तर निर्देश दिले. पण कायदा हात धरू शकतो, मन घडवू शकत नाही. ते काम घराचे आणि धर्मग्रामाचे आहे.

राजकारणाला हा साहित्यप्रकार प्रिय असावा, यात नवल नाही. सभेतील वक्त्याला नाव असते, जाहीरनाम्याला पक्ष असतो, वर्तमानपत्राला पत्ता असतो. या सर्वांना निवडणुकीच्या काळात नियम लागू होतात. बिननावाच्या मजकुराला मात्र आचारसंहिता कोठून लावणार? तो एका समाजाला दुसऱ्याविषयी भय दाखवतो आणि ते भय मतपेटीपर्यंत चालत जाते. यातून कोणताही पक्ष सर्वस्वी मुक्त आहे असे मला वाटत नाही, आणि कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगणे धर्मगुरूचे कामही नव्हे. मात्र भयाने दिलेले मत हे विवेकाने दिलेले मत नव्हे, एवढे सांगणे त्याचे कर्तव्य आहे.

अल्पसंख्याक म्हणून या भयाचे चटके आपल्यालाही बसले आहेत. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या साहित्याऐवजी त्यांच्या झग्याची चर्चा करणारे लोक निघाले. ज्याने आयुष्यभर मराठीत लिहिले, बायबलचे सुबोध मराठी रूपांतर केले, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरण्याचे धैर्य दाखवले, त्याच्याविषयी धर्मांतराचे संशय पसरवले गेले. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ते संमेलन पार पडले आणि मराठी रसिकांनी त्यांना मानाने ऐकले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यांच्यावरील आरोपांना झाड नव्हते. त्यांच्या कामाला मात्र गाव, साल आणि पृष्ठसंख्या होती.

पण येथेच आपली खरी परीक्षा आहे. आपल्याविषयीचा खोटा मजकूर वाचून आपण व्यथित होतो. दुसऱ्या समाजाविषयीचा तसाच मजकूर आपल्या समूहांत आला की ‘माहितीसाठी’ असे दोन शब्द जोडून तो पुढे जातो. अमुक धर्माचे लोक संख्येने वाढून आपल्याला गिळतील, अमुक जातीचे लोक असेच असतात, परप्रांतीय म्हणजे चोरच: हे मजकूर ख्रिस्ती घरांतील मोबाइलमध्ये नाहीत असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? स्वतःसाठी न्याय मागणाऱ्याने दुसऱ्याला अफवेच्या हवाली करणे, हे दांभिकपणाचे लक्षण आहे. दानिएलने सुसान्नेला वाचवले ते ती त्याची नातलग होती म्हणून नव्हे.

आणखी एक क्षेत्र आहे, तेथे बोट ठेवणे अधिक कठीण जाते. ते म्हणजे आपले भक्तिपर मजकूर. ही प्रार्थना दहा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभवार्ता येईल. न पाठवल्यास अमक्या घरावर आपत्ती आली. अशा मजकुरात पवित्र मातेचे चित्र असले तरी आतला आत्मा गंडेदोऱ्यांचा आहे. प्रार्थना देवाशी केलेला संवाद असते; येथे ती साखळीची कडी बनते आणि देव हिशेबनीस बनतो. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या इर्ला भागात एका क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. सनल एडामारुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्याने जागेची पाहणी केली आणि भिंतीमागील तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा वर चढत असल्याचे सांगितले. आपल्यापैकी काहींनी त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी केल्या आणि अखेर त्याने देश सोडला. त्याची ख्रिस्तसभेविषयीची सगळी मते आपल्याला मान्य होण्यासारखी नाहीत. तरी त्या दिवशी त्याने विचारलेला प्रश्न दानिएलचाच होता, आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार आणि कर्तव्य आपलेच होते.

असे म्हणताना मी ख्रिस्तसभेच्या परंपरेबाहेर जात नाही. चमत्कारांविषयी सर्वात कठोर प्रश्न विचारणारी संस्था ख्रिस्तसभाच आहे. संतपदाच्या प्रक्रियेत, १९८३ मध्ये तिची पद्धत बदलेपर्यंत, उमेदवाराविरुद्ध आक्षेप मांडण्यासाठी स्वतंत्र अधिकारी असे. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. फ्रान्समधील लुर्द येथे बरे झाल्याचे सांगणाऱ्यांची तपासणी करण्यासाठी १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचे सांगणारे हजारो आले. ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना मात्र सत्तरीच्या आसपासच आहेत. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने दर्शने आणि अलौकिक घटना यांच्या तपासणीसाठी नवी नियमावली दिली, तिचाही सूर सावधगिरीचाच आहे. आणि आपल्या देशाचा प्रेषित कोण? जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा संत थॉमस. प्रभूने त्याला मंडळातून हाकलले नाही. त्याला हात पुढे करण्यास सांगितले.

तंत्रज्ञानाचा जाणीवपूर्वक वापर कसा असतो, याचे उदाहरणही आता वेदीवर आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संतपद जाहीर केलेला कार्लो अकुतिस हा इटलीत वाढलेला मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी वारला. संगणकावर त्याने पवित्र मिस्साबलिदानाशी संबंधित चमत्कारांचे संकलन केले. त्या संकलनाची मांडणी पाहावी: प्रत्येक घटनेला गाव आहे, देश आहे, काळ आहे. खेळाच्या यंत्रासाठी त्याने आठवड्याला एकच तास राखला होता, असे सांगतात. यंत्र वाईट की चांगले, या वादात तो पडला नाही. यंत्राचा धनी कोण, एवढे त्याने ठरवून टाकले.

साक्ष कशी द्यावी, हे शिकण्यासाठी नाशिककरांना तर दूर जाण्याचेही कारण नाही. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या आणि १९३६ साली नाशिकमध्येच निवर्तलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्याकडे आहेत. त्या कॅथलिक नव्हत्या, पण मराठी ख्रिस्ती मनाची घडण त्यांच्यावाचून समजत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या घरावर केवढे वादळ आले असेल! निंदा, कुजबुज, तर्क-कुतर्क यांना ऊत आला असेल. लक्ष्मीबाईंनी त्या सगळ्याला पुढे जे उत्तर दिले ते आत्मकथनाचे. त्यात वडिलांचे सोवळे आहे, पतीचा विक्षिप्तपणा आहे, स्वतःची भीती आणि अज्ञानही आहे; कोणावर सूड नाही. जातिभेदाचा विचार आपल्या मनातून कसा गळून पडला, हे त्या एखाद्या घरगुती प्रसंगासारखे सांगतात. त्या सांगतात ते स्वतः पाहिलेले, स्वतः सोसलेले, आणि त्याखाली त्यांचे नाव आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंचे शब्द नव्वद वर्षांनंतरही टिकून आहेत. नऊशे वेळा फिरलेला फॉरवर्ड नवव्या दिवशी कोणाच्या लक्षात राहतो?

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. सामान्य माणसाला पडताळणीस वेळ कोठून आणि साधने कोठून? वर्तमानपत्रे आणि वाहिन्या तरी कोठे निःपक्ष राहिल्या आहेत? शिवाय संकटात याच साधनाने जीव वाचवले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्ये प्राणवायू आणि खाटा कोठे मिळतील, हे लोकांना मोबाइलवरील निरोपांतूनच कळत होते. २१ एप्रिलला येथील झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, त्या दिवसांतील शहराची घालमेल आपण विसरलेलो नाही. आक्षेपातील सत्य मी मान्य करतो. पण त्याच काळाने हेही दाखवले की जीव वाचवणारा निरोप कोणता: ज्यावर वेळ, ठिकाण आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक होता, आणि जो कोणी तरी स्वतः विचारून खात्री केलेला होता. दिनांक नसलेला निरोप नातलगांना भलत्याच दारी धावायला लावी.

पडताळणी हे पंडितांचे काम आहे, असेही समजू नये. गोदावरीला पूर आला की जुना नाशिककर काय करतो? तो दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी पायांशी आहे, कमरेपर्यंत आहे की गळ्याशी लागले आहे, यावरून तो पुराचे मान ठरवतो. २००८ च्या आणि २०१९ च्या पुरांच्या आठवणी नाशिककर याच भाषेत सांगतात. जुन्या पुराची चित्रफीत नव्या पावसात कोणी पाठवली, तर मारुतीला जाऊन विचारता येते. आपल्या विवेकालाही असा एक न हलणारा दगड हवा. आठवी आज्ञा हा तो दगड आहे.

या आज्ञेचे विवरण करताना कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने तीन दोष वेगळे केले आहेत. पुरेशा आधारावाचून दुसऱ्याचा दोष खरा मानणे हा पहिला. खरा असला तरी कारणावाचून दुसऱ्याचा दोष उघड करणे हा दुसरा. खोटे सांगून दुसऱ्याची अब्रू घेणे हा तिसरा. फॉरवर्डच्या संदर्भात ही विभागणी फार उपयोगी आहे. ‘मी ते लिहिले नाही, फक्त पाठवले’ हा बचाव तिसऱ्या दोषातून कदाचित सोडवील, पहिल्यातून नाही. ‘पण ते खरेच होते’ हा बचाव दुसऱ्या दोषापुढे टिकत नाही. शिवाय तोच ग्रंथ सांगतो की दुसऱ्याच्या नावलौकिकाची हानी झाली असेल, तर केवळ क्षमा मागून भागत नाही. हानी भरून देण्याचे कर्तव्य उरते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या संपर्क माध्यमांविषयीच्या आदेशात वाचक, श्रोते आणि प्रेक्षक यांच्याही कर्तव्यांचा विचार केला होता. त्या काळी वाचक केवळ वाचक होता. आज प्रत्येक वाचक प्रकाशकही झाला आहे, म्हणून त्याचे कर्तव्य दुप्पट झाले आहे.

याचा व्यवहारातील अर्थ कठीण असला तरी स्पष्ट आहे. खोटा ठरलेला मजकूर आपल्या मोबाइलमधून पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो ज्या ज्या समूहांत आपण पाठवला, त्या त्या समूहांत ‘मी पाठवलेले ते खोटे होते’ असे आपल्या नावाने लिहिणे, ही दुरुस्ती. पापनिवेदनाच्या तयारीत आपण राग, आळस, मिस्सा चुकवणे यांची आठवण करतो. त्या आठवड्यात आपल्या अंगठ्याने काय काय पुढे नेले, याचीही आठवण तेथे व्हावी. संत इग्नेशियसने दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करण्यास शिकवले, ते माणूस दिवसभर झोपेत चालू नये म्हणून. रात्री मोबाइल बाजूला ठेवताना घरातील थोरामोठ्यांनी मुलांसमवेत एवढे जरी विचारले की आज आपण कोणाविषयी काय पाठवले, आणि ते कोणी पाहिले होते, तरी त्या घरात जाणीवपूर्वक जगण्याचा आरंभ झाला असे मी समजेन.

राईनपाड्याच्या बाजारात त्या रविवारी शेकडो माणसे होती. त्या पाच जणांकडे आपली ओळख सांगण्याचे शब्द होते, आणि त्यांच्या समाजाची भटकंती महाराष्ट्राला शतकानुशतके ठाऊक होती. कोणाचे मूल हरवले आहे, त्याचे नाव काय, ते कोणत्या गावचे, हे मोठ्याने विचारून उत्तर येईपर्यंत जमावाला थोपवून धरील असे कोणी तेथे नव्हते. त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नसते, कारण कोणतेही मूल हरवले नव्हते. पुढच्या वेळी असा मजकूर आपल्या हाती येईल, आणि तो निश्चित येईल, तेव्हा तो पुढे नेण्याआधी दानिएलचा प्रश्न त्याला विचारावा. उत्तर नसेल तर तो निरोप आपल्यापाशीच थांबू द्यावा. थांबवलेला असा एक निरोप कोणाचा जीव वाचवून गेला, हे आपल्याला कधीही कळणार नाही. परंतु देवाला ते कळेल.